खाकी वर्दी आणि खेळाचे मैदान

संध्याकाळी रहाटणीतील एखाद्या चौकात पोलिसांची गाडी थांबली, की टपरीपाशी गप्पा मारणारी तरुण मंडळी हळूहळू पांगू लागतात. त्यांपैकी बहुतेकांनी काहीही गैर केलेले नसते. पण ‘उगाच चौकशीचा ससेमिरा नको’ म्हणून जो तो काढता पाय घेतो. नेमक्या या पांगण्यानेच पोलिसांचा संशय बळावतो. भीतीतून संशय आणि संशयातून पुन्हा भीती, असे हे दुष्टचक्र आहे.

पवनाकाठच्या रहाटणीचे शेतशिवार दोन-तीन दशकांत इमारतींखाली गेले. एका बाजूला पिंपरी-चिंचवडचे कारखाने, दुसऱ्या बाजूला हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आणि मध्ये राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे, अशी आजची रचना आहे. गावकीतील वडीलधाऱ्यांचा शब्द आणि तालमीची शिस्त या दोन्हींचा धाक ओसरला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले. तरीही २०२२-२३च्या सुमारास पुणे परिसरात ‘कोयता गँग’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि त्यातील अल्पवयीन मुलांचा सहभाग अनेकांना अस्वस्थ करून गेला. अशा वेळी कडक कारवाईची मागणी होणे स्वाभाविक आहे. पण केवळ कारवाईने भागत नाही, हे कायद्यानेही ओळखले आहे. २०१५च्या बालन्याय अधिनियमानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असणे बंधनकारक आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, आणि त्याच्याशी बोलताना पोलिसाने साध्या वेशात असावे, असे नियम सांगतात. वर्दीचा दरारा बाजूला ठेवल्याखेरीज मूल बोलते होत नाही, हे त्यामागचे सूत्र होय.

मैदानावर नेमके हेच घडते. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईत तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. तिने सलोख्यासाठी क्रिकेट स्पर्धा भरविल्या आणि पोलीस व वस्तीतील तरुण एकाच मैदानावर आले. नक्षलग्रस्त गडचिरोलीत पोलीस दलाने बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉल, तर वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी स्पर्धा घेऊन दुर्गम गावांतील तरुणांना जवळ केले. परदेशातही न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९१४ मध्ये काही रस्ते वाहनांसाठी बंद करून मुलांना खेळायला मोकळे करून दिले होते.

खेळाने विश्वास का वाढतो? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये याचे उत्तर दिले. दोन गटांतील पूर्वग्रह नुसत्या भेटीने जात नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि वरिष्ठ व्यवस्थेचा पाठिंबा आवश्यक असतो. या कसोटीवर ‘पोलीस विरुद्ध तरुण’ हा नेहमीचा सामना अपुरा ठरतो, कारण त्यात रस्त्यावरची फळी मैदानावरही कायम राहते. त्यापेक्षा प्रत्येक संघात दोन पोलीस आणि बाकी स्थानिक मुले, अशी मिश्र रचना अधिक गुणकारी. कबड्डीत बाद झालेल्या हवालदाराला चढाईत गडी टिपून पुन्हा आत आणणारा मुलगा दुसऱ्या दिवशी चौकात त्याला पाहून पळणार नाही.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. वर्षातून एकदा करंडक वाटून आणि छायाचित्रे काढून विश्वास निर्माण होत नाही. आठवड्यातला ठरलेला एक तास अधिक मोलाचा. अधिकाऱ्याची बदली झाली की उपक्रम बंद पडतो, म्हणून त्याची जबाबदारी व्यक्तीवर नव्हे, ठाण्यावर असावी. मुलींना स्वतंत्र वेळ आणि महिला पोलिसांची सोबत हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खेळायला आलेल्या मुलांना खबरी बनविण्याचा मोह टाळला पाहिजे. एकदा जरी मैदानावरची गप्पा चौकशीसाठी वापरली गेली, तर ते मैदान कायमचे ओस पडेल.

खेळाने बेरोजगारी हटत नाही की शाळा सोडलेला मुलगा आपोआप वर्गात परतत नाही. पण अडचणीत सापडलेल्या तरुणाला पोलीस ठाण्याची पायरी चढताना आत एक तरी ओळखीचा चेहरा दिसावा, एवढे त्यातून नक्कीच साधते. रहाटणीच्या चौकातील पांगापांग थांबविण्याची सुरुवात तेथूनच होऊ शकेल.