वजडी मऊ कशी होते?

'त्रिप्पा अल्ला रोमाना' हा रोम शहरातील एक जुना पदार्थ आहे. त्रिप्पा म्हणजे आपल्याकडची वजडी, अर्थात रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराची भिंत. ती आधी पाण्यात उकडतात, पट्ट्या कापून टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवतात आणि वर रानपुदिना व मेंढीच्या दुधाचे खारट चीज घालतात. रोमच्या टेस्ताचो भागात १९७५ सालापर्यंत मोठा कत्तलखाना होता. जनावराचे चार मोठे भाग ऐपतदारांकडे जात. उरलेले जठर, आतडी, शेपूट गरिबांच्या वाट्याला येई. या उरलेल्या भागाचे नाव 'पाचवा चतुर्थांश'! गणिताच्या शिक्षकांना ते खटकेल, पण गरिबाघरची प्रथिनांची गरज याच चतुर्थांशाने भागवली.

आता प्रश्न असा, की हे स्वस्त मांस शिजायला काही तास का लागतात?

उत्तर जठराच्या कामात आहे. गाईच्या जठराचे चार कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात शंभर लिटरहून अधिक चारा व पाणी मावते आणि तेथील सूक्ष्मजीव गवतातील सेल्युलोज आंबवतात. दुसऱ्या कप्प्याचा आतला पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. रस्सा याच घरांत साठून राहतो. एवढे वजन पेलत हे कप्पे जन्मभर आकुंचन पावत असतात. म्हणूनच त्यांच्या भिंतीत स्नायूंच्या जोडीला कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे भरपूर तंतू असतात.

कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींभोवती पीळ घालून असतात. तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसला पोचले, की हा पीळ सुटू लागतो आणि तंतू आखडतात. त्यामुळे वजडी सुरुवातीला मऊ होण्याऐवजी उलट घट्ट होते. पुढे तासन्‌तास उष्णता व पाणी मिळाले, की साखळ्या सुट्या होऊन पाण्यात उतरतात. हेच जिलेटिन. रश्श्याला दाटपणा येतो तो त्याचाच. रस्सा थंड झाला, की साखळ्या पुन्हा अंशतः पीळ घेतात, त्यांच्या जाळ्यात पाणी अडकते आणि रस्सा थिजतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, म्हणून तेथे हे काम लवकर होते आणि इंधनही वाचते.

टोमॅटोचे काम केवळ चवीपुरते नाही. तो आम्लधर्मी आहे. आम्लात कोलॅजेन फुगते आणि त्याचे विरघळणे सोपे होते. पण आपल्या स्वयंपाकघरातला अनुभव याच्या उलट नाही का? चिंच किंवा आमसूल आधी घातले, तर डाळ शिजत नाही. म्हणून ते डाळ शिजल्यावर घालतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन हे प्रथिन नसून कर्बोदक आहे आणि सौम्य आम्लात ते अधिक टिकून राहते. आम्ल एकच, पण समोरचा रेणू बदलला की परिणामही बदलतो.

हा फरक वर्गात सहज दाखवता येईल. तूरडाळीचे दोन सारखे वाटे घ्यावेत. एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात तितकेच चिंचेचे पाणी घालून सारखाच वेळ उकळावे. दर दहा मिनिटांनी दाणा बोटांनी दाबून विद्यार्थ्यांनी नोंद करावी. वजडी कोणाच्या ताटात असते, कोणाच्या नसते. तिच्यातून कळणारे रसायनशास्त्र मात्र सर्वांचे आहे.