कुंडीतला ऑलिव्ह आणि उत्तरेकडची थंडी

लंडनमध्ये थेम्सच्या काठाजवळ चेल्सी फिजिक गार्डन ही औषधी वनस्पतींची जुनी बाग आहे. औषधे तयार करणाऱ्यांच्या संघाने ती १६७३ साली उभारली. उंच विटांच्या भिंतींच्या आडोशाला तिथे एक भलामोठा ऑलिव्ह वृक्ष उघड्यावर वाढतो आणि त्याला फळेही धरतात. १९७६च्या कडक उन्हाळ्यानंतर त्याने तीनेक किलो फळे दिली होती. इंग्लंडच्या दमट, ढगाळ हवेत हे अप्रूपच. पण गेल्या काही दशकांत ब्रिटन आणि जर्मनीतल्या कितीतरी गच्च्यांवर, अंगणांत आणि घरांच्या पायऱ्यांवर रुपेरी पानांचे हे झाड कुंडीत दिसू लागले आहे. त्यातली बरीच झाडे थंडीने नव्हे, तर चुकीच्या मायेने मरतात.

नोव्हेंबर उजाडला की लोक काळजीपोटी कुंडी उचलून थेट दिवाणखान्यात आणतात. हीटर चालू, हवा कोरडी, खिडकीतून येणारा उजेड जेमतेम. महिनाभरात खाली पानांचा सडा पडतो. ऑलिव्हला असला ऊबदार अंधार सोसत नाही. शिवाय थंडी ही त्याची गरज आहे. हिवाळ्यात साधारण दोन महिने तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले आणि दिवसरात्रीत फरक पडत राहिला, तरच पुढच्या मोसमात कळ्या धरतात. फुले इवलीशी, चार पाकळ्यांची, मोतिया रंगाची. आपला मोगरा, जाई-जुई आणि पारिजातकही याच कुळातले. फक्त त्यांचा घमघमाट ऑलिव्हकडे नाही, कारण त्याचे पराग प्रामुख्याने वारा वाहून नेतो.

मग जपायचे काय? मुळे. जमिनीत रुजलेले मोठे झाड उणे ८-१० अंशांचा कडाका थोडा वेळ सोसते, कारण मुळांभोवती मातीचा जाड थर असतो. कुंडीला मात्र चारही बाजूंनी गारठा लागतो आणि मुळांचा गोळा आरपार गोठू शकतो. अशा वेळी वर ऊन पडले तर पाने बाष्प सोडत राहतात, पण गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. पाने सुकतात, आणि बघणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले.

म्हणून आधी कुंडी गुंडाळावी: गोणपाट किंवा बबल रॅपचे दोन-तीन वेढे, खाली विटांचे किंवा लाकडी तुकड्यांचे पाय. पायांमुळे तळाच्या भोकांतून पाणी निथळत राहते. जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची, कारण दिवसा तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. पारा फारच उतरणार असेल तेव्हाच शेंड्यावर बागेचे पातळ कापड टाकावे आणि हवा निवळताच काढावे. जर्मनीत हिवाळा जास्त कडक असल्याने अनेक जण कुंड्या उजेडाच्या पण न तापवलेल्या खोलीत हलवतात. बंद जिना, काचेचा व्हरांडा, जिथे पारा पाच-दहा अंशांच्या आसपास राहतो, अशी जागा उत्तम.

माती चिकट नको. मातीयुक्त कुंडीमिश्रणात पाचवा हिस्सा भरड खडी मिसळली की निचरा चांगला होतो. हिवाळ्यात पाणी बेताचे, पण गोळा पूर्ण सुकू द्यायचा नाही. उन्हाळ्यात मात्र हात आखडता घेऊ नये. ऑलिव्ह दुष्काळ सोसतो ही ख्याती खरी आहे, पण ती जमिनीत दूरवर मुळे पसरलेल्या झाडाची. कुंडीतल्या झाडाला पाण्यासाठी जायला दुसरी जागाच नसते. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ खत द्यावे. छाटणी वसंताच्या अखेरीस, आणि हलक्या हाताने: फळे गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, सरसकट कात्री चालवली तर पीकच जाते. फळ तोडून थेट तोंडात टाकू नये. ओलेउरोपीन या द्रव्यामुळे ते जहाल कडू असते. मिठाच्या पाण्यात काही आठवडे मुरवल्यावरच खाण्याजोगे होते.

रोप विकत घेताना ते कुठून आले, हे जरूर विचारावे. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३मध्ये झायलेला या जिवाणूचा प्रादुर्भाव आढळला आणि त्यानंतर तिथली लाखो ऑलिव्ह झाडे वाळली. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका हा जिवाणू बंद करतो, आणि त्यावर झाड बरे करणारा इलाज नाही. त्यामुळेच ब्रिटनमध्ये ऑलिव्ह रोपांच्या आयातीवर कडक नियम आहेत. प्रवासातून परतताना पिशवीत एखादी फांदी घालून आणण्याचा मोह म्हणूनच महागात पडू शकतो.

कडाक्याच्या हिवाळ्यानंतर झाड काडीसारखे दिसले, तरी लगेच उपटू नये. जानेवारी १९८५मध्ये टस्कनीत पारा उणे २० अंशांखाली गेला आणि टेकड्याच्या टेकड्या करपल्या. शेतकऱ्यांनी खोडे जमिनीलगत कापली. बुंध्यातून नवे धुमारे फुटले आणि त्यांतूनच पुढच्या बागा उभ्या राहिल्या. कुंडीतल्या झाडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर जून सरेपर्यंत वाट पाहावी, आणि तोवर पाणी जपूनच घालावे. पाने नसलेले झाड फारच थोडे पाणी पिते.