मेंदूतील स्नेह, ‘आनंद’ आणि विजयाकल्प

आयुर्वेदाने मस्तुलुंग व मज्जा यांना स्नेहप्रधान मानले आहे. हा स्नेह केवळ मेंदूच्या बांधणीपुरता नसून चेतापेशींच्या संधिस्थानी, म्हणजेच सिनॅप्सवर, संदेशवहनही करतो, हे आधुनिक संशोधनाने सिद्ध केले आहे. भंगायुक्त कल्प वापरणाऱ्या वैद्यांनी व ते विकणाऱ्या औषधविक्रेत्यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

१९९२ साली जेरुसलेम येथे राफेल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेने मेंदूतून एक स्निग्ध रेणू वेगळा केला व संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्यास ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. १९९५ मध्ये ‘२-एजी’ हा दुसरा रेणू ज्ञात झाला. संदेश स्वीकारणारी पेशी उत्तेजित झाली की तिच्या पटलातील मेदापासून डायअसिलग्लिसरॉल लायपेज हे एन्झाइम २-एजी निर्माण करते. तो उलट दिशेने जाऊन संदेश पाठविणाऱ्या पेशीच्या सीबी-१ ग्राहीवर बसतो आणि पुढील संदेश मंदावतो. कार्य संपताच मोनोअसिलग्लिसरॉल लायपेज त्याचे विघटन करते. आनंदामाइडचे विघटन एफएएएच करते.

विजयेतील टीएचसी याच ग्राहीवर बसते. मात्र ही एन्झाइमे त्याचे विघटन करीत नाहीत. ते काम यकृताचे असून, उर्वरित अंश मेदात साठून दीर्घकाळ राहतो. म्हणूनच नित्य सेवनात मात्रा साचते. तुपात परतल्याने भंगा निर्वीर्य होते, असेही समजू नये. उष्णतेने तिच्यातील आम्लरूप घटकाचे टीएचसीत रूपांतर होते.

या यंत्रणेतील हस्तक्षेप किती जोखमीचा ठरू शकतो, हे जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन शहरी दिसले. एफएएएच रोखणाऱ्या एका नव्या औषधाच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात रात्रीच्या विजेवर हरभऱ्यास पाणी देणारा शेतकरी किंवा घाटातून मालमोटार नेणारा चालक निद्रानाशासाठी वा अतिसारासाठी असा कल्प घेत असेल, तर त्याचा व्यवसाय व चालू असलेली झोपेची औषधे विचारल्याविना जातीफलादि चूर्णही देऊ नये.

भंगा ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहे. तिच्या पोटात घेण्याच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना इंग्रजी व हिंदीत असावी लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने पाने व बिया वगळल्या आहेत, फुलोरा नव्हे. तेव्हा कच्चा माल पारखूनच घ्यावा आणि चिठ्ठीविना कल्प देऊ नये, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना नम्र विनंती.