वल्हांडण : एक सण, दोन अर्थ

परंड्याच्या शिवारात शाळू पिकतो आणि घरोघरी ज्वारीची भाकरी थापली जाते. पीठ मळायचे, थापायचे, तव्यावर टाकायचे. आंबवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे मराठी बायबलमध्ये ‘बेखमीर भाकरीचा सण’ हे शब्द वाचले की इकडच्या वाचकाला शंका येते : जी भाकरी आपण बारा महिने खातो, तिचा वेगळा सण कशासाठी? या साध्या शंकेचा माग काढला, तर यहुदी आणि ख्रिस्ती या दोन धर्मांच्या नात्यापर्यंत पोहोचता येते. वाटेत आपले कोकणही लागते.

या सणाचे हिब्रू नाव पेसाह. त्याची कथा बायबलच्या ‘निर्गम’ या ग्रंथात आहे. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते. सुटकेच्या रात्री प्रत्येक कुटुंबाने कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले. मिसरी घरांतील प्रथम जन्मलेल्यांवर मृत्यू ओढवला. रक्ताची खूण असलेली घरे मात्र ओलांडली गेली. या ‘ओलांडण्या’वरूनच मराठी बायबलने सणाला ‘वल्हांडण’ हे नाव दिले. निघण्याची घाई इतकी, की मळलेले पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. त्याची आठवण म्हणून या दिवसांत आंबवलेले धान्य घरातही ठेवत नाहीत.

सणाची भाकर म्हणजे मात्झा. ती गहू, जव अशा पाच ठरावीक धान्यांपैकीच एकाची लागते. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून निघावी, असा दंडक आहे. म्हणजे जे धान्य आंबू शकते, तेच आंबू न देता खायचे. ज्वारी या पाच धान्यांत नाही, म्हणून आपली भाकरी बेखमीर असूनही मात्झा ठरत नाही.

सण येतो निसान महिन्याच्या पौर्णिमेला. यहुदी पंचांगही आपल्यासारखेच चंद्राचे महिने आणि सूर्याचे वर्ष यांचा मेळ घालते. १९ वर्षांत ७ वेळा ते अधिक महिना धरते. त्यामुळे पेसाह नेहमी वसंतातच, बहुतेकदा चैत्री पौर्णिमेच्या सुमारास पडतो.

हा सण मराठी घरांत शतकानुशतके पाळला गेला आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी काम बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली. पुरीम झाला ‘होळीचा सण’, तर पेसाह झाला ‘अनाशी ढाकाचा सण’. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी दिलेल्या अर्थानुसार, हा आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. तांदूळ खाणाऱ्या घरात खमिराची भाकर नव्हतीच. टाळण्याजोगे आंबलेले काही असेल तर ते हे भांडे. ग्रंथ हाताशी नसताना लोकांनी नियमाचा गाभा असा जपला.

पुढे १९व्या शतकात कोचीनहून यहुदी शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण बेने इस्राएलांनी हिब्रू शिकून घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पेसाहच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली.

आता ख्रिस्ती अर्थ. येशू स्वतः यहुदी होता आणि या सणासाठी यरुशलेमला आला होता. मत्तय, मार्क व लूक यांच्या मते त्याचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन. योहानाच्या मांडणीत मात्र तो सणाच्या आदल्या दिवशी, मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी क्रूसावर मरतो. तपशील जुळत नाहीत, पण दोन्हींमागची समजूत एकच : येशू हाच वल्हांडणाचा कोकरा. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे उघडच म्हटले आणि खमिराला दुष्टपणाची उपमा दिली. मिसरच्या गुलामीतून सुटका, याचे पापातून व मरणातून सुटका असे रूपांतर झाले. रोमन कॅथलिक मिस्सेतील भाकर आजही बेखमीर असते.

मूळ एक, तरी वाटा फुटल्या. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि कोकऱ्याचा बळी थांबला. यहुदी सण घरातल्या ताटाभोवती आला. आजची हग्गादा त्यानंतर आकाराला आली, म्हणून आजचे पेसाहचे भोजन जसेच्या तसे येशूच्या पानावर मांडता येत नाही. पुढे ३२५च्या निकाया परिषदेने सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी आणि यहुदी पंचांगावर न विसंबता पाळावा असे ठरवले.

या दुराव्याची किंमत मोठी होती. येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांवर ठेवला गेला आणि युरोपात ईस्टरचे दिवस त्यांच्यासाठी भीतीचे झाले. १९०३ मध्ये किशिनेव शहरात यहुद्यांवरील हल्ले सुरू झाले ते ईस्टरच्याच रविवारी. कॅथलिक चर्चने हा सामूहिक दोषारोप अधिकृतपणे नाकारला, तो १९६५ मध्ये. कोकणात मात्र बेने इस्राएलांना असा छळ सोसावा लागला नाही.

म्हणूनच ‘वल्हांडण’ समजून घेताना दोन्ही अर्थ आपापल्या जागी ठेवायला हवेत. ख्रिस्ती वाचकाला कोकऱ्याचा अर्थ निर्गमाच्या कथेशिवाय लागणार नाही. पण ती कथा म्हणजे येशूच्या कथेची केवळ प्रस्तावना नव्हे. बेने इस्राएलांच्या दृष्टीने ती स्वतःच पूर्ण आहे. ग्रंथ नव्हते तेव्हाही वर्षातून एकदा भांडे झाकून त्यांनी ती टिकवली.