स्कूबा डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात का बसायचं नसतं?

अंदमानच्या सहलीचा बेत बरेच जण असा आखतात: आधी सेल्युलर जेल, मग राधानगर बीच आणि स्वराज द्वीपवरचं (पूर्वीचं हॅवलॉक) स्कूबा डायव्हिंग शेवटच्या दिवशी. सकाळी डाईव्ह, मग बोटीने श्रीविजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) आणि तिथून लगेच परतीचं विमान. वेळ वाचतो खरा, पण हा बेत जिवावर बेतू शकतो. का? समजून घेऊया.

पाण्याखाली शरीरात काय होतं?

आपण श्वासातून घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी त्याचा आपल्याला काही त्रास होत नाही. पण समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर जमिनीच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. या वाढलेल्या दाबाखाली सिलेंडरमधली हवा घेतली की जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींमध्ये विरघळतो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका नायट्रोजन जास्त.

वर आल्यावर हा वायू श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. त्याला काही तास लागतात.

मग विमानाचा संबंध काय?

सोड्याची बाटली झटकन उघडली की बुडबुडे उसळतात, कारण आतला दाब अचानक कमी होतो. विमानातही दाब कमी होतो. केबिनमधली हवा साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी इतकी विरळ असते. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे पोहोचलात, तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे तयार होऊ शकतात. याला 'डिकम्प्रेशन सिकनेस' म्हणतात.

सांधेदुखी, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, चक्कर, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणं. मज्जारज्जूवर परिणाम झाला तर अर्धांगवायूही होऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला तातडीने शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो आणि जास्त दाबाच्या खास चेंबरमध्ये ठेवून उपचार करावे लागतात. आकाशातल्या विमानात असं चेंबर नसतं.

हे कधी कळलं?

१८७० च्या दशकात न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज बांधताना नदीतळाशी दाबाखालच्या हवेत काम करणारे मजूर वर आल्यावर वेदनांनी वाकून जायचे. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही हा आजार झाला आणि पुढे अनेक वर्षं त्यांना अंथरुणावरून कामावर देखरेख करावी लागली. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते मांडले.

किती वेळ थांबायचं?

• एकच साधी डाईव्ह केली असेल तर किमान १२ तास
• एकापेक्षा जास्त डाईव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास
• वर येताना मध्ये थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब डाईव्ह असेल तर त्याहून बराच जास्त वेळ

हिशेबात घोळ नको म्हणून अनेक प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात. मालवण-तारकर्लीला डाईव्ह करून गोव्याहून विमान पकडणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो.

मग बेत कसा आखायचा?

अगदी सोपं आहे. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला करा आणि शेवटचा दिवस स्नॉर्केलिंग किंवा किनाऱ्यासाठी ठेवा. स्नॉर्केलिंगमध्ये आपण पाण्याच्या पृष्ठभागावरचीच हवा घेतो, त्यामुळे नायट्रोजन साठत नाही.

आणि डाईव्हनंतर काही तासांत, अगदी दुसऱ्या दिवशीही, वरची लक्षणं जाणवली तर थकव्यामुळे असेल म्हणून झोपून जाऊ नका. डॉक्टरांना गाठा आणि डायव्हिंग केल्याचं आधी सांगा.