अलेक्झांडरवोल: तीन देशांची मंडळी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, गोसेल या छोट्या गावाबाहेर गव्हाच्या शेतांमध्ये अलेक्झांडरवोल मेनोनाइट चर्च उभे आहे. या चर्चची लाकडी इमारत १८८६ सालची. तिच्यात जमणारी मंडळी मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. आधी पोलंड, मग युक्रेन आणि शेवटी कॅन्सस, असा तिचा प्रवास झाला.

मेनो सिमन्स या डच प्रदेशातल्या धर्मगुरूने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडले. त्याच्या अनुयायांचे, म्हणजे मेनोनाइटांचे, दोन आग्रह सत्ताधाऱ्यांना खुपत. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यायचा. आणि शस्त्र हाती धरायचे नाही. छळाला कंटाळून अनेक जण पोलंडमधल्या व्हिस्चुला नदीकाठच्या पाणथळ जमिनीवर गेले. तिथल्या प्शेखोव्का गावची मंडळी हीच अलेक्झांडरवोलची पूर्वज. १८२०च्या सुमारास तिच्यातली बरीच कुटुंबे रशियन साम्राज्यातल्या, आजच्या युक्रेनमधल्या, मोलोच्ना वसाहतीकडे निघाली. वाटेत झार पहिला अलेक्झांडर भेटला आणि त्याने शुभेच्छा दिल्या, असे मंडळीत सांगितले जाते. नव्या गावाला त्याचेच नाव मिळाले.

पन्नास वर्षांनी रशियाने मेनोनाइटांना लष्करी सेवेतून दिलेली सूट काढून घ्यायचे ठरवले. १८७३ मध्ये मेनोनाइटांनी बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहायला धाडले. त्यांत अलेक्झांडरवोल मंडळीचे प्रमुख याकोब बुलर होते. पुढच्याच वर्षी जवळजवळ अख्खी मंडळी, सुमारे ८०० माणसे, ‘सिंब्रिया’ आणि ‘टॉयटोनिया’ या जहाजांनी न्यूयॉर्कला उतरली. ‘टॉयटोनिया’वरच्या लोकांनी डिट्रिख गेडर्ट यांच्या नेतृत्वाखाली होफनुंग्सआउ ही वेगळी मंडळी स्थापन केली, बुलर यांच्याबरोबरच्यांनी जुने नाव चालू ठेवले.

कॅन्ससमध्ये सांता फे रेल्वेला सरकारकडून अफाट जमीन मिळाली होती. शेतकरी वसले तर जमीनही खपणार आणि गाड्यांना मालही मिळणार, म्हणून कंपनीने या पाहुण्यांसाठी लांबलचक लाकडी निवारे बांधून दिले. कुटुंबे आपापली घरे होईपर्यंत तिथेच राहिली. सुरुवातीला त्यांनी मोलोच्नासारखी गावठाणे आखली, पण लवकरच जो तो स्वतःच्या शेतावर राहायला गेला. गाव असे विखुरल्यावर सर्वांना एकत्र आणणारी जागा एकच उरली, ती म्हणजे उपासनेची. चर्च मोठे का बांधले, याचे उत्तर इथे सापडते.

१८८६ची वास्तू डच मेनोनाइट धाटणीची. या परंपरेत उंच मनोरा, रंगीत काचा, मूर्ती यांना स्थान नव्हते. नेदरलँड्समध्ये एके काळी मेनोनाइटांची प्रार्थनाघरे रस्त्यावरून ओळखू येणार नाहीत अशीच बांधावी लागत. पुढे सक्ती गेली, साधेपणा मात्र अंगवळणी पडला. १९२८ मध्ये इमारतीची मोठी पुनर्रचना झाली. उपासनेची जर्मन भाषाही विसाव्या शतकात हळूहळू मागे पडून इंग्रजी आली.

या लोकांबरोबर ‘टर्की रेड’ हा शरद ऋतूत पेरायचा कडक गहू कॅन्ससमध्ये रुजला, आणि राज्याची गव्हाचे कोठार म्हणून ओळख घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. १९७६ मध्ये परिसरातल्या मेनोनाइटांनी याच गव्हाच्या काड्यांची ‘लिबर्टी बेल’ या घंटेची प्रतिकृती विणली. ती आता गोसेलच्या संग्रहालयात आहे. या मुलखाचा भारताशीही एक धागा आहे. १९०० सालच्या दुष्काळात कॅन्ससच्या मेनोनाइटांनी इथे धान्य पाठवले आणि त्यांचे नेते डेव्हिड गोर्झ त्यासाठी स्वतः भारतात आले होते.

मंडळी वाढली तशी तिला फांद्या फुटल्या: १९०८ मध्ये टेबर आणि १९२० मध्ये गोसेल मेनोनाइट चर्च. मूळ चर्चच्या सावलीतच सर्वांनी राहावे असा हट्ट कोणी धरला नाही. दोनदा देश सोडलेल्या लोकांना हे जड गेले नसावे. देश, भाषा आणि भिंती बदलू द्यायच्या. बाप्तिस्म्याचा आणि शस्त्र न धरण्याचा नेम तेवढा ढळू द्यायचा नाही, हा त्यांचा हिशेब पहिल्यापासून होता.