पडदा काळा झाला, वही शाबूत आहे
जुळणी केलेल्या जुन्या संगणकाची निगा आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची दुरुस्ती

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत दुकानातील प्रत्येक वस्तू जागची हलते. रविवार पेठेतील किंवा मार्केट यार्डातील एखाद्या पेढीवर टेबलाखालचा जुना संगणकही त्या दिवशी बाहेर निघतो, पुसला जातो आणि पुन्हा जोडला जातो. नेमका त्याच संध्याकाळी तो रुसतो. पंखा फिरतो, दिवा लागतो. परंतु पडद्यावर काहीच उमटत नाही, किंवा उमटते ते भलत्याच मोठ्या, फाटक्या अक्षरांत. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची वीस तारीख दोन दिवसांवर आलेली असते. चिरंजीव म्हणतात, “पप्पा, आता नवीनच घेऊ या.” फोनवरचा कारागीरही तेच सांगतो. वडिलांचा जीव मात्र त्या पेटीतल्या दहा वर्षांच्या हिशेबात अडकलेला असतो.

अशा वेळी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. हिशेब हार्ड डिस्कवर असतात. चित्र दाखवणारा भाग वेगळा असतो. पडदा काळा झाला म्हणून वही जळाली असे होत नाही. घाईने केलेली दुरुस्ती मात्र वहीला धोका पोहोचवू शकते.

जुळणीच्या यंत्राला एक जन्मदाता नसतो

मुंबईला लॅमिंग्टन रोड, दिल्लीला नेहरू प्लेस, तशी पुण्याला बुधवार पेठेजवळची तपकीर गल्ली. सुटे भाग निवडून, जुळवून घेतलेला संगणक हा अनेक व्यापारी घराण्यांचा पहिला संगणक ठरला. पुण्याला दुरुस्तीची परंपराही आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी उभी केलेली क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी याच शहरातली.

नामांकित कंपनीच्या तयार संगणकावर एक क्रमांक छापलेला असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की त्या यंत्राचे सारे ड्रायव्हर एकत्र मिळतात. जुळणीच्या संगणकाला तो क्रमांक नसतो. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्याचे. त्याची वंशावळ एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे खरेदीची पावती. ती फाईलला लावलेली असेल तर निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजावे.

ड्रायव्हर म्हणजे अडत्या

ड्रायव्हर हा शब्द ऐकून गोंधळण्याचे कारण नाही. बाजारात शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या असतो. दोघांची बोली आणि दोघांची रीत त्याला ठाऊक असते. विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर हेच काम करतो. विंडोज अद्ययावत झाली आणि अडत्या जुनाच राहिला, किंवा अद्ययावत करताना चुकीचाच अडत्या येऊन बसला, तर माल उत्तम असूनही व्यवहार अडतो. अडत्याच गैरहजर असेल, तर विंडोज स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तेव्हा कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ असे दिसते. मोठ्या, फाटक्या अक्षरांचे कारण बहुधा हेच असते.

आधी निदान

संगणक सुरू करताच मदरबोर्ड कंपनीचे चिन्हसुद्धा दिसत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा नाही. ड्रायव्हरचे काम विंडोज सुरू होताना लागते; त्याआधीच अंधार असेल तर केबल, मॉनिटर, रॅम किंवा कार्ड तपासावे. चिन्ह नीट दिसले, विंडोजचे फिरणारे ठिपके दिसले आणि मग पडदा काळा झाला, तर ड्रायव्हरवर संशय घेण्यास जागा आहे.

साफसफाईनंतरची सर्वांत साधी चूक केबलची असते. पेटीच्या मागे मॉनिटरच्या खाचा दोन ठिकाणी असतात: यूएसबीच्या शेजारच्या खाचा मदरबोर्डच्या, आणि सहसा खालच्या बाजूच्या आडव्या पट्टीवरील खाचा ग्राफिक्स कार्डाच्या. कार्ड बसवलेले असताना केबल कार्डालाच जोडावी लागते. ही चूक दुरुस्त करण्यास एक मिनिट लागतो आणि पैसा लागत नाही.

काम चालू असताना पडदा अचानक गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि उघडे काम वाया जात नाही.

धूळ हेही मोठे कारण आहे. वीजपुरवठा पूर्ण बंद करून कार्ड काढावे, पंख्यातील धूळ मऊ ब्रशने झाडावी, कार्डाच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवावा आणि कार्ड खटका बसेपर्यंत दाबावे. यंत्राची तारीख वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ या प्रकारचा असतो. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत आणि दोष भलत्याच भागावर जातो.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी हिशेबाच्या फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दुसरी नक्कल दुकानाबाहेर, घरी ठेवावी. पडदा दिसतच नसेल, तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून नक्कल घेता येते. कारागिराला पहिली सूचना हीच द्यावी आणि “फॉरमॅट मारतो” या शब्दांना नक्कल हाती येईपर्यंत संमती देऊ नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. यंत्र बिघडले ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

कार्डाची ओळख आणि दुरुस्तीचा क्रम

पावती हरवली असेल तरी कार्डाचे कूळ शोधता येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टरवर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीज, त्यात डिटेल्स आणि त्यात हार्डवेअर आयडी पाहावा. तेथे ‘व्हेन’ या अक्षरांपुढे १०डीई असेल तर चिप एनव्हिडियाची, १००२ असेल तर एएमडीची आणि ८०८६ असेल तर इंटेलची. इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या विख्यात प्रोसेसरचा क्रमांकही ८०८६ हाच होता. जुन्या कार्डावर एटीआय हे नाव असेल तर गोंधळू नये. ती कंपनी एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली.

अद्ययावत केल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर त्याच प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते; पूर्वीचा ड्रायव्हर शिल्लक असल्यास ते दाबताच तो परत येतो. तेवढ्याने भागले नाही तर पुढील क्रम पाळावा. योग्य ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून आधी उतरवून घ्यावा. विंडोज ३२ बिटची की ६४ बिटची, हे पाहूनच. इंटरनेटची केबल काढावी, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये जावे, जुना ड्रायव्हर समूळ काढावा आणि मग नवा बसवावा. समूळ काढण्यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ ही विनामूल्य आज्ञावली जाणकार वापरतात.

नवा म्हणजे योग्य नव्हे

जुन्या कार्डासाठी सर्वांत नवा ड्रायव्हर शोधणे ही नेहमीची चूक आहे. कंपन्या ठरावीक काळानंतर जुन्या पिढ्यांना नवे ड्रायव्हर देणे थांबवतात. एनव्हिडियाच्या जीटी ६१० या कार्डाची गाडी २०१८ च्या ३९१.३५ या ड्रायव्हरवर थांबली. दुकानांत पुष्कळ खपलेले जीटी ७१० हे ४७० मालिकेपर्यंत चालते. त्याची सुरक्षा दुरुस्तीही सप्टेंबर २०२४ पर्यंतच ठरलेली होती. जीटीएक्स ७५० टीआय आणि १०५० टीआय यांना ५८० ही अखेरची मालिका असून सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे. एएमडीने आपली अनेक जुनी रेडिऑन कार्डे २०२१ मध्येच निवृत्त केली. निवृत्त कार्ड त्याच्या शेवटच्या योग्य ड्रायव्हरवर चालू शकते. त्यापुढचा ड्रायव्हर त्याला ओळखतच नाही.

एवढे करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ येत राहिला, तर कार्डच थकले असण्याची शक्यता मोठी. पण केवळ हिशेब आणि बिले यांसाठी वेगळ्या कार्डाची गरज किती, हेही पाहावे. पुष्कळ प्रोसेसरांत चित्र दाखवण्याची सोय अंगचीच असते. कार्ड काढून केबल मदरबोर्डला जोडली की काम सुरू होते. मात्र इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असेल तर ती सोय नसते.

मदतीच्या वेषातील ठग

अडचणीत सापडलेला माणूस ठगाला लवकर सापडतो. ‘एका टिचकीत सर्व ड्रायव्हर’ अशी जाहिरात करणारी आज्ञावली बसवू नये. मायक्रोसॉफ्टमधून बोलतो असे सांगून कोणी आपणहून फोन केला, तर संगणकाचा ताबा देऊ नये. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, त्याचा ताबा देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे.

वहीतील किंमत आणि खरी किंमत

यंत्र ठेवावे की काढावे, याचा निर्णय रागाच्या भरात करू नये. प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. या दराने ४०,००० रुपयांच्या संगणकाची किंमत ८ वर्षांनी सुमारे ६७२ रुपये उरते. ताळेबंदाच्या दृष्टीने तो जवळजवळ संपलेला असतो. त्याच्यातील हिशेबाची किंमत मात्र ताळेबंदात कोठेच लिहिलेली नसते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहावी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र इंटरनेटपासून दूर, जुने हिशेब पाहण्यापुरते ठेवावे आणि बँकेची कामे नव्या यंत्रावर न्यावीत, हा मध्यममार्ग पुष्कळ पेढ्यांना परवडण्यासारखा आहे.

लक्ष्मीपूजनाला चोपड्याची पूजा होते. त्याच दिवशी एक साधी वही संगणकासाठी घालावी. पहिल्या पानावर प्रत्येक भागाचे नाव, खरेदीची तारीख आणि दुकान. दुसऱ्या पानावर चालू ड्रायव्हरचा क्रमांक. तिसऱ्यावर शेवटची नक्कल कधी घेतली त्याची नोंद. सोबत पावत्या. पुढच्या वेळी पडदा काळा होईल तेव्हा घरातील कोणीही ती वही उघडून कामाला लागू शकेल, आणि वीस तारीख चुकणार नाही.